रात्रीच्या आकाश-छायाचित्रणात दुर्बीण दवापासून कोरडी कशी ठेवावी

आकाश निरभ्र आहे, वारा थांबलेला आहे, माउंट (दुर्बीण पेलून तिला ताऱ्यांच्या गतीने फिरवणारा आधार) ध्रुवाशी नीट जुळवून झाले आहे आणि पहिल्या तासाभरात टिपलेली चित्रे स्वच्छ आली आहेत. नेमक्या अशाच रात्री दुर्बिणीच्या काचेवर दव धरते. नव्याने या छंदाकडे वळलेल्यांना हा दैवदुर्विलास वाटतो, परंतु छायाचित्रणाला जी रात्र अनुकूल तीच दवालाही अनुकूल असते आणि दोन्हींचे कारण एकच आहे. ढग नसतील तर ताऱ्यांचा प्रकाश विनाअडथळा खाली येतो आणि जमिनीवरच्या वस्तूंची उष्णता तशीच विनाअडथळा वर निघून जाते. डोळ्यांनी निरीक्षण करणाऱ्याला नेत्रिकेतले दृश्य धूसर झाल्याचे लगेच कळते. छायाचित्रकाराचा कॅमेरा मात्र दिलेल्या हुकमानुसार मुकाट्याने एकामागून एक चित्र टिपत राहतो आणि दव धरल्याचे बहुधा सकाळी, चित्रे संगणकावर उघडल्यावर उमगते. माझी सुरुवातीच्या काळातली जवळपास पाच तासांची चित्रे अशी वाया गेली. त्या रात्री माझ्याकडे ड्यू शील्ड, म्हणजे दव लांबवण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडावर चढवायची नळी, होते. ते पेटीत होते.

पुढील पायऱ्या संध्याकाळच्या तयारीपासून सामान आत आणून ठेवेपर्यंतच्या क्रमाने दिल्या आहेत. मात्र कोणतेही उपकरण विकत घेण्याआधी किंवा बनवण्याआधी दव कशाने धरते हे समजून घ्यावे, कारण ते एकदा लक्षात आले की आपल्या दुर्बिणीला कोणता उपाय लागू पडेल हे आपले आपल्यालाच ठरवता येते.

दव का धरते

मराठीत दव ‘पडते’ असे आपण म्हणतो आणि त्यामुळे ते पावसासारखे वरून येत असावे अशी नकळत समजूत होऊन बसते. प्रत्यक्षात हवेत आधीपासूनच बाष्परूपाने असलेले पाणी थंड पृष्ठभागावर द्रवरूप घेते. हवा थंड होत जाते तसतशी ती बाष्पाने संपृक्त होण्याच्या जवळ येते आणि ज्या तापमानाला ती पूर्ण संपृक्त होते त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. काचेचे तापमान या आकड्याच्या खाली उतरले की तिच्यावर दव धरते आणि त्याच्या वर राहिले तर हवा कितीही दमट असली तरी काच कोरडी राहते.

मग काच हवेपेक्षाही थंड का होते, हा खरा प्रश्न आहे. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने १८१४ मध्ये याचे समाधानकारक उत्तर दिले. त्याच्या प्रयोगांपैकी एक अतिशय साधा होता. सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके त्याने रात्री उघड्यावर ठेवले, एक फळीच्या वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला, आणि नंतर त्यांची वजने केली. आकाशाकडे तोंड असलेल्या पुंजक्याने खालच्या पुंजक्यापेक्षा बरेच जास्त दव धरले होते. हवा दोन्हींभोवती सारखीच होती. फरक होता तो आकाश दिसण्या-न दिसण्याचा. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते आणि भोवतालच्या वस्तूंकडून ती परत मिळवतही असते. निरभ्र आकाशाकडून परत मिळणारी उष्णता तुटपुंजी असते, म्हणून आकाशाकडे तोंड करून असलेली वस्तू तोट्यात जाते आणि हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते.

हा तोटा किती मोठा असतो ते पाहण्यासारखे आहे. १५ अंश सेल्सिअस तापमानाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ३९० वॅट इतकी उष्णता बाहेर टाकतो आणि निरभ्र रात्री आकाशाकडून मिळणारी उष्णता वजा केल्यावर निव्वळ तोटा साधारण ६० ते १०० वॅट उरतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या काचेचे क्षेत्रफळ ०.०३१ चौरस मीटर, म्हणजे तिचा तोटा अवघा दोन ते तीन वॅट होतो. या लहानशा आकड्यावर पुढचे सर्व काही अवलंबून आहे. काचेला दिसणारे आकाश कमी करून हा तोटा घटवता येतो, किंवा तेवढे दोन-तीन वॅट तिला दुसरीकडून परत देता येतात. पहिले काम ड्यू शील्ड करते आणि दुसरे हीटर.

पहिली पायरी: रात्रीचा अंदाज घेणे

हवामानाच्या अंदाजात तापमान आणि सापेक्ष आर्द्रता हे दोन आकडे मिळतात आणि बहुतेक ठिकाणी दवबिंदू तापमानही स्वतंत्रपणे दिलेले असते. ते नसेल तर १०० मधून सापेक्ष आर्द्रता वजा करावी, उत्तराला ५ ने भागावे आणि आलेला आकडा हवेच्या तापमानातून वजा करावा. तापमान १८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर १०० वजा ८० म्हणजे २०, भागिले ५ म्हणजे ४, आणि १८ वजा ४ म्हणजे १४ अंश हे दवबिंदू तापमान आले. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असताना ही रीत आपल्या कामापुरती अचूक ठरते.

हिशेब संध्याकाळच्या आकड्यांवर करू नये, ही चूक नवशिक्यांकडून हमखास होते. हवेतील बाष्प रात्रभरात फारसे बदलत नाही, त्यामुळे दवबिंदू तापमान साधारण स्थिर राहते. हवेचे तापमान मात्र पहाटेपर्यंत घसरत जाते. संध्याकाळी सात वाजता दोन्हींमध्ये दहा अंशांचे अंतर असले तरी पहाटे चार वाजता ते दोन अंशांवर आलेले असू शकते. म्हणून आपण जेवढा वेळ छायाचित्रण करणार असू त्यातल्या सर्वांत थंड तासाचा अंदाज पाहावा. त्या तासाचे अंतर दहा अंशांहून अधिक असेल तर मी केवळ शील्ड लावतो, पाच ते दहाच्या दरम्यान असेल तर हीटर जोडून तयार ठेवतो, आणि पाचाच्या खाली असेल तर तो पहिल्या चित्राच्या आधीच सुरू करतो. वारा अजिबात नसेल तर याच अंतरांना अधिक सावधपणे घ्यावे, कारण मंद झुळूक काचेला हवेच्या तापमानाजवळ आणत राहते आणि तीच नसेल तर काचेचा तोटा भरून काढणारे कोणी उरत नाही.

दुसरी पायरी: आपल्या दुर्बिणीचा उघडा भाग ओळखणे

सर्व दुर्बिणींना दवाचा त्रास सारखा होत नाही. श्मिट-कॅसेग्रेन आणि माक्सुटोव्ह प्रकारच्या, म्हणजे आरशांच्या पुढे एक काचही असलेल्या दुर्बिणींत पुढची काच नळीच्या अगदी तोंडाशी, आकाशाला सताड उघडी असते. दवाच्या दृष्टीने याहून वाईट रचना शोधून सापडणार नाही. अशी दुर्बीण असलेल्यांनी शील्डशिवाय बाहेर पडूच नये. भिंगाच्या दुर्बिणीला पुढे सरकवता येणारे किंवा कायमचे बसवलेले शील्ड बहुधा मूळचेच असते, परंतु ते अनेकदा आखूड असते, आणि सरकवायचे असेल तर ते पुढे ओढायला माणूस विसरतो. न्यूटनीय दुर्बिणीचा प्रमुख आरसा लांब नळीच्या तळाशी असल्याने सुरक्षित राहतो. दव धरते ते तोंडाजवळच्या लहान दुय्यम आरशावर. दांड्यांची उघडी रचना असलेल्या दुर्बिणीला नळीच नसते, म्हणून तिच्याभोवती काळ्या कापडाचे आवरण घालणे आवश्यक ठरते.

मुख्य दुर्बिणीची काळजी घेताना बाकीच्या काचा विसरल्या जातात. गाइड स्कोप म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला अचूक चालवणारी छोटी जोड-दुर्बीण. तिच्या लहानशा भिंगावर दव धरले तर मार्गदर्शक तारा हरवतो, माउंट भरकटते आणि मुख्य दुर्बीण ठणठणीत कोरडी असूनही चित्रे रेषाळलेली येतात. या बिघाडाचे मूळ शोधण्यात अनेक जण माउंटच्या गिअरपर्यंत जाऊन पोहोचतात. लाल ठिपक्याचा फाइंडर आणि ध्रुवदर्शक दुर्बीण यांच्या काचांवरही दव धरते, पण त्यांचे काम सुरुवातीलाच संपत असल्यामुळे त्यांना झाकून ठेवले तरी पुरते.

केवळ कॅमेरा आणि रुंद कोनाचे भिंग घेऊन आकाशगंगा टिपणाऱ्यांची अडचण निराळी आहे. पूर्ण चौकटीच्या संवेदकावर १४ मिलिमीटरचे भिंग कर्णरेषेत सुमारे ११४ अंशांचे आकाश पाहते. त्याच्यापुढे लांब शील्ड बसवले तर ते चित्रातच येईल. अशा भिंगासाठी चौथी पायरी गाळून थेट हीटरकडे वळावे.

तिसरी पायरी: जागा आणि मांडणी

थंड हवा जड असल्यामुळे सखल भागात साचते, म्हणून दरीचा तळ आणि पाणथळ जागा टाळून थोडी उंचावरची, किंचित वारा लागणारी जागा निवडावी. फार वारा असेल तर दुर्बीण थरथरते, त्यामुळे उघडा माथा निवडताना तेही पाहावे. ओल्या गवतापेक्षा कोरडी, टणक जमीन बरी. ज्या दिशेचे आकाश टिपायचे नाही त्या दिशेला भिंत, झाड किंवा उभी केलेली गाडी असेल तर ती आकाशाचा तेवढा भाग झाकते आणि दवाला उशीर होतो. तत्त्व वेल्सच्या फळीचेच. संगणक आणि वीजपुरवठ्याची पेटी एखाद्या उलट्या खोक्यात किंवा छोट्या तंबूत ठेवावी, कारण दव त्यांच्यावरही धरते आणि काचेपेक्षा त्यांचे नुकसान अधिक महाग पडते. केबली खाली झोका देऊन मग वर जोडणीकडे न्याव्यात, म्हणजे त्यांवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडते आणि जोडणीत शिरत नाही.

चौथी पायरी: ड्यू शील्ड

शील्ड म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर पुढे वाढवलेली नळी. तिच्या लांबीचा परिणाम साध्या गणिताने काढता येतो. काचेच्या मध्यबिंदूच्या दृष्टीने विचार केला तर, नळीच्या त्रिज्येचा वर्ग भागिले त्रिज्या आणि लांबी यांच्या वर्गांची बेरीज, इतक्याच अंशाने उष्णतेचा विनिमय आकाशाशी होतो आणि उरलेला नळीच्या भिंतींशी होतो. लांबी व्यासाइतकी ठेवली तर हा अंश २० टक्क्यांवर येतो, व्यासाच्या दीडपट ठेवली तर १० टक्क्यांवर, आणि दुप्पट ठेवली तर सुमारे ६ टक्क्यांवर. म्हणजे पहिल्या काही सेंटिमीटरचा लाभ मोठा आहे आणि दीडपटीच्या पुढे तो झपाट्याने कमी होत जातो, तर लांब नळी वाऱ्यात शिडासारखी वागून दुर्बीण हलवू लागते. दीडपट हे प्रमाण दुर्बीणप्रेमींत रूढ झाले आहे ते उगाच नाही.

परंतु हे गणित नळीची भिंत हवेइतकीच उबदार आहे असे धरून चालते आणि येथेच पातळ पत्र्याचे किंवा पातळ प्लास्टिकचे शील्ड कमी पडते. त्याची बाहेरची बाजू आकाशाकडे उष्णता गमावते, पातळ भिंत आतून-बाहेरून एकदमच थंड होते, आणि मग काचेला आकाशाऐवजी एक थंड नळी दिसू लागते. म्हणून शील्ड उष्णतारोधक पदार्थाचे असावे. व्यायामासाठी किंवा तंबूत अंथरण्यासाठी मिळणारी पाच ते दहा मिलिमीटर जाडीची फोमची चटई या कामाला उत्तम आहे आणि ती घरी कापून शील्ड बनवणे अर्ध्या तासाचे काम आहे.

दुर्बिणीच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजून त्याला ३.१४ ने गुणावे आणि टोके एकमेकांवर चढवण्यासाठी चार-पाच सेंटिमीटर जास्त धरावेत. २३० मिलिमीटर व्यासाच्या नळीला ७२२ अधिक ४०, म्हणजे साधारण ७६० मिलिमीटर लांबीची पट्टी लागेल. तिची रुंदी ठरवताना आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासाची दीडपट घ्यावी आणि नळीवर चढणारा पाच-सहा सेंटिमीटरचा भाग वेगळा धरावा. हा भाग हिशेबात धरायचा राहून गेला की तयार झालेले शील्ड आखूड पडते. टोके रुंद वेल्क्रोने जोडावीत, म्हणजे घट्ट-सैल करता येते आणि प्रवासात पट्टी गुंडाळून ठेवता येते. आतली बाजू गडद काळी आणि चमक नसलेली हवी. फोम चकचकीत असेल तर आत काळे फेल्ट चिकटवावे. त्याने बाजूने येणारा परका प्रकाशही शोषला जातो.

शील्ड बसवल्यावर ते चित्राच्या कोपऱ्यांत येत नाही ना, हे तपासावे. दुर्बिणीचे क्षेत्र मध्यापासून एक अंश पसरलेले असेल तर ३०० मिलिमीटर पुढे गेल्यावर किरणशलाका प्रत्येक बाजूला सुमारे पाच मिलिमीटर फाकते. नळीचा बाहेरचा व्यास काचेपेक्षा मोठा असल्यामुळे एवढी जागा बहुधा आपोआप मिळते, पण मऊ फोम पुढच्या टोकाला वाकून आत येतो. तसे होत असेल तर टोकाच्या आत पातळ प्लास्टिकची कडी बसवावी. फ्लॅट चित्रे, म्हणजे चित्रातला प्रकाशाचा असमानपणा दुरुस्त करण्यासाठी सारख्या उजळ पृष्ठभागाची घेतलेली चित्रे, शील्ड लावलेल्या स्थितीतच घ्यावीत.

पाचवी पायरी: हीटर पट्टा आणि त्याची मात्रा

शील्ड दव टाळत नाही, लांबवते. कोरड्या रात्री हा विलंब सकाळपर्यंत पुरतो, दमट रात्री पुरत नाही. तेव्हा काचेला तिचे हरवलेले वॅट परत द्यावे लागतात आणि ते काम नळीभोवती गुंडाळायचा हीटर पट्टा करतो. पट्ट्याच्या आत रोधक तार किंवा रोधकांची माळ असते आणि तो बहुधा १२ व्होल्टवर चालतो. लहान गाइड स्कोप किंवा कॅमेऱ्याच्या भिंगासाठी यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणारे पट्टेही मिळतात. काचेचा तोटा दोन-तीन वॅटचा असला तरी पट्ट्याची बरीचशी उष्णता नळीत आणि हवेत जाते, म्हणून २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी १५ ते २० वॅटचा आणि ५० मिलिमीटरच्या गाइड स्कोपसाठी सुमारे ५ वॅटचा पट्टा घ्यावा. तो पूर्ण क्षमतेने चालवण्याची वेळ क्वचितच येते.

पट्ट्याची जागा त्याच्या वॅटइतकीच महत्त्वाची आहे. तो काचेच्या शक्य तितका जवळ, पण काचेच्या मागे, ज्या धातूच्या कडीत काच बसवलेली आहे तिच्यावर गुंडाळावा. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये ही कडी नळीच्या तोंडाशी असते. पट्टा तिच्यावर बांधून वरून शील्ड चढवावे, म्हणजे उष्णता बाहेर न जाता आत वळते. भिंगाच्या दुर्बिणीत शील्डवर बाहेरून पट्टा बांधून काहीही साधत नाही, कारण शील्ड आणि भिंगाची कडी यांच्यामध्ये हवेची पोकळी असते. शील्ड मागे सरकवून कडीच शोधावी लागते. कॅमेऱ्याच्या भिंगावर पट्टा बांधताना फोकसची कडी फिरण्याची शक्यता असते. म्हणून आधी पट्टा बांधावा, तो तापू द्यावा, मग फोकस जुळवून कडी चिकटपट्टीने पक्की करावी. उलट क्रमाने केले तर भिंग तापल्यावर फोकस सरकतो आणि पुन्हा सर्व करावे लागते. न्यूटनीय दुर्बिणीच्या दुय्यम आरशाला पट्टा बांधता येत नाही; त्याच्या मागच्या बाजूला एक-दोन छोटे रोधक उष्णतावाहक गोंदाने चिकटवून बारीक तारा आधाराच्या पात्यांवरून, त्यांच्या जाडीत लपतील अशा बेताने बाहेर आणतात.

ज्यांना डाग देण्याचे (सोल्डरिंगचे) काम येते त्यांना पट्टा घरी बनवणे अवघड नाही. ४७० ओमचे, अर्ध्या वॅटचे वीस रोधक दोन समांतर तारांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे जोडले तर एकत्रित रोध २३.५ ओम होतो, १२ व्होल्टवर त्यातून सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह जातो आणि एकूण ६ वॅट उष्णता मिळते. प्रत्येक रोधकावर ०.३ वॅट येत असल्याने तो आपल्या मर्यादेत राहतो. सर्व जोड उष्णतेने आकसणाऱ्या नळीने झाकावेत आणि पुरवठ्याच्या तारेत एक अँपिअरचा फ्यूज घालावा. फ्यूज वगळून वाचवलेले दोन मिनिटांचे काम एखाद्या रात्री फार महाग पडू शकते.

आता मात्रेविषयी. नवशिक्याची पहिली प्रवृत्ती पट्टा पूर्ण जोरात सोडण्याची असते आणि तीच टाळायला हवी. काच गरजेपेक्षा जास्त तापली की तिच्यासमोरची आणि नळीतली हवा हलू लागते आणि ताऱ्यांच्या प्रतिमा फुगतात. ग्रहांची चित्रे घेणाऱ्यांना तर दोन अंशांचाही फरक जाणवतो. आपल्याला काच गरम करायची नाही. ती दवबिंदू तापमानाच्या एक-दोन अंश वर राहील इतकेच करायचे आहे. यासाठी पीडब्ल्यूएम प्रकारचा नियंत्रक वापरतात. तो वीजपुरवठा जलद गतीने चालू-बंद करतो आणि चालू असण्याच्या वेळेचे प्रमाण बदलून सरासरी उष्णता ठरवतो. सुरुवात ३० टक्क्यांनी करावी, अर्ध्या तासाने काच तपासावी, आणि गरज वाटली तरच दहा-दहा टक्क्यांनी वाढवावी. काही नियंत्रकांना तापमान आणि आर्द्रतेचे संवेदक जोडलेले असतात आणि ते मात्रा स्वतःच ठरवतात. सोय चांगली आहे, पण हाताने मात्रा ठरवण्याचा सराव काही रात्री केल्यावर ती घेतलेली बरी, कारण संवेदक सुटून लोंबकळू लागला तर त्याचा आकडा चुकतोय हे ओळखता आले पाहिजे.

हीटर दव धरण्याच्या आधी सुरू करायचा असतो. कोरडी काच कोरडी ठेवायला दोन-तीन वॅट पुरतात. ओली झालेली काच वाळवायला पाण्याची बाष्पीभवनाची उष्णताही द्यावी लागते आणि तेवढ्यात अर्धा-पाऊण तास जातो. तापमान शून्याखाली जाणार असेल तर दवाऐवजी हिमकण धरतात आणि ते वितळवणे याहूनही वेळखाऊ असते.

सहावी पायरी: विजेचा हिशेब

समजा मुख्य पट्टा १५ वॅटचा आणि गाइड स्कोपचा ५ वॅटचा आहे, आणि दोन्ही ५० टक्क्यांवर चालतात. सरासरी खर्च १० वॅट झाला. नऊ तासांच्या रात्रीला ९० वॅट-तास लागतील. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीवर ८४ वॅट-तास लिहिलेले असले तरी तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मेच वापरावेत, म्हणजे ती मध्यरात्रीच्या सुमारास थकेल. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २५६ वॅट-तास देते आणि तिचा मोठा हिस्सा वापरता येतो, त्यामुळे हीटरसाठी ती निश्चिंत करते. थंडीत कोणत्याही बॅटरीची क्षमता घटते हे लक्षात घेऊन हिशेबात थोडी सूट ठेवावी.

शक्य असेल तर हीटर आणि माउंट यांना वेगवेगळ्या बॅटऱ्या द्याव्यात. एकाच बॅटरीवर सर्व चालवले तर पहाटे व्होल्ट घसरल्यावर माउंट मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि दिशा विसरते. पीडब्ल्यूएम नियंत्रकाची चालू-बंद धडधडही एकाच तारेतून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचून चित्रात पट्टे उमटवू शकते. यूएसबी पट्ट्यासाठी पॉवर बँक वापरणार असाल तर ती कमी प्रवाह असताना आपोआप बंद होत नाही ना, हे घरीच पाहून घ्यावे. घरगुती विद्युतपुरवठ्यावरून बाहेर तार ओढायची असेल तर गळतीचा प्रवाह ओळखून तत्काळ बंद होणारा सुरक्षा खटका त्या मार्गात असलाच पाहिजे, कारण जमीन, तारा आणि आपले हात, सगळेच रात्री ओले असतात.

सातवी पायरी: रात्रभर लक्ष ठेवणे

दर अर्ध्या-पाऊण तासाने एक तपासणी करावी. चित्रे येतात तशी पडद्यावर पाहिली तर काच नजरेने तपासण्याआधीच लक्षणे दिसतात. चित्रात सापडणाऱ्या ताऱ्यांची संख्या हळूहळू घटते, तेजस्वी ताऱ्यांभोवती धूसर वलय येते आणि ताऱ्यांच्या प्रतिमांची रुंदी वाढत जाते. पातळ ढगही अशीच लक्षणे दाखवतात. फरक असा की ढग येतात-जातात आणि आकडे वर-खाली होतात, तर दवाने झालेली घसरण एकाच दिशेने चालू राहते. शंका आली तर मंद लाल प्रकाशाची विजेरी काचेवर समोरून न मारता तिरपी धरावी. धुक्यासारखा पातळ थर तिरप्या प्रकाशात ताबडतोब दिसतो. काच तपासताना तिच्याजवळ तोंड नेऊन श्वास सोडू नये, हे सांगण्याची गरज नसावी, पण हा प्रकार मी एकाहून अधिक वेळा केला आहे.

काम थांबलेले असेल तेव्हा दुर्बीण ऊर्ध्वबिंदूकडे रोखून ठेवू नये. सरळ वर पाहणारी काच सर्वांत थंड आकाश पाहते. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असल्याने तेथून अधिक उष्णता परत मिळते. लक्ष्य बदलताना किंवा फोकसची वाट पाहताना नळी खाली झुकवून ठेवावी, आणि विराम लांबणार असेल तर झाकण लावावे.

संवेदक विजेने थंड ठेवणाऱ्या कॅमेऱ्यात एक वेगळीच अडचण उद्भवते. दव किंवा हिम संवेदकासमोरच्या खिडकीवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत धरते, आणि बाहेरचे कोणतेही उपाय तेथे पोहोचत नाहीत. चित्राच्या मध्यभागी धूसर डाग वाढत असेल आणि पुढची काच कोरडी असेल तर कारण हेच असावे. संवेदक एकदम थंड न करता टप्प्याटप्प्याने करावा, खिडकीला स्वतःचा हीटर असेल तर तो चालू आहे का पाहावे, आणि कॅमेऱ्यातील ओलावा शोषणाऱ्या गोळ्या उत्पादकाने सांगितलेल्या रीतीने वाळवाव्यात किंवा बदलाव्यात.

आठवी पायरी: दव धरलेच तर

ओली काच कधीही पुसू नये. तिच्यावर दिवसभराची धूळ बसलेली असते आणि ओल्या धुळीवरून कापड फिरवणे म्हणजे काचेच्या लेपावर बारीक वाळू घासणे. केस वाळवायचे यंत्र सौम्य मात्रेवर, काचेपासून हातभर अंतरावर, सतत गोलाकार फिरवत धरावे. रंग काढण्यासाठी वापरतात ते तीव्र उष्णतेचे यंत्र वापरू नये; एका जागी अति तापलेली काच तडकू शकते. काच कोरडी झाली की लगेच चित्रे सुरू करू नयेत, तिला पुन्हा स्थिर तापमानाला येण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे द्यावीत आणि फोकस नव्याने जुळवावा. हीटर लावला नाही तर ती थोड्याच वेळात पुन्हा ओली होईल, तेव्हा वाळवणे ही त्या रात्रीपुरती तडजोड समजावी. लहान पंखा काचेवर मंद हवा सोडत राहिला तरी बराच वेळ निभावून नेता येते.

नववी पायरी: सामान आत आणताना

रात्रभर कोरडी राखलेली दुर्बीण घरात आणताच ओली झाल्याचे पाहणे हा एक चमत्कारिक अनुभव असतो. बाहेर थंड झालेली काच आतल्या उबदार, दमट हवेत आली की दवाची क्रिया नव्याने सुरू होते. म्हणून झाकणे बाहेरच लावावीत, दुर्बीण आणि भिंगे पेटीत किंवा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून मग आत आणावीत, आणि पेटी काही तास उघडू नये. ओलावा पेटीच्या बाहेरच्या बाजूला धरेल, आत नाही.

काच आधीच ओली असेल तर मात्र उलट करावे लागते. ओल्या काचेवर झाकण लावून पेटी बंद केली तर आत दिवसेंदिवस ओलावा कोंडतो आणि बुरशीला हवी तशी जागा मिळते. भिंगाच्या लेपावर एकदा बुरशीचे जाळे धरले की तिचे डाग पुष्कळदा कायमचे राहतात. अशा वेळी दुर्बीण कोरड्या खोलीत नळी आडवी ठेवून, झाकणे काढून, धूळ बसणार नाही असे सैल कापड वरून टाकून पूर्ण वाळू द्यावी आणि त्यानंतर बंद करावी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळ्या रंगाचे जेल ओलावा पिऊन गुलाबी होते. तसे झाले की उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला तापवून ते पुन्हा निळे करता येते. हीटर पट्टे, शील्डचा फोम आणि वेल्क्रो हेही वेगळे पसरून वाळवावेत, कारण ओला फोम पेटीत गुंडाळून ठेवला तर पुढच्या रात्रीचा ओलावा आपण स्वतःच दुर्बिणीशेजारी आणून ठेवलेला असतो.